लाँचवाल्याची मुलगी आणि एक पुरवणी प्रश्न

सभागृहात अध्यक्षांच्या उंच आसनाच्या पायाशी एक ठेंगणं टेबल आहे. तिथे बसणाऱ्याकडे कुणी पाहत नाही. त्याच्या डोक्यावरून या बाजूचे आरोप त्या बाजूला जातात, त्या बाजूचे टोमणे या बाजूला येतात, आणि तो मान खाली घालून लिहीत असतो. त्याला प्रतिवेदक म्हणतात. जो जे बोलेल ते लघुलिपीत टिपायचं आणि बाहेर येऊन टंकायचं, एवढंच त्याचं काम. बोलणारा खरं बोलला तर खरं टिपायचं, खोटं बोलला तर खोटं, आणि रडला तर काहीच नाही, कारण रडण्याला लघुलिपीत खूण नाही.

ताई या टेबलावर बसता बसता प्रौढ झाली. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठे होते तेसुद्धा. ती बोलायची कमी. तिच्या शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी इतका बोलायचा की त्याचं नाव ‘रेडिओ’ पडलं होतं. "देवाने आपल्या दोघांत मिळून एकच जीभ पाठवली," तो म्हणायचा, "आणि पोस्टमनने ती माझ्याच घरी टाकली."

प्रतिवेदकाला तासभर सलग लिहिता येत नाही, बोटं आखडतात. म्हणून टर्न असतात. थोडा वेळ एकाने लिहायचं, मग दुसरा हळूच येऊन बसतो, लिहायला लागतो, आणि पहिला वही मिटून निघून जातो. सदस्य वाक्याच्या मध्यावर असला तरी निघायचंच. त्यामुळे ताईने आयुष्यभर प्रश्न ऐकले आणि उत्तरं बहुधा दुसऱ्यांनी ऐकली. कधी उलट, उत्तर वाट्याला यायचं आणि प्रश्न काय होता ते कळायचं नाही. घरी गेल्यावर आई विचारायची, "आज काय झालं गं तुमच्यात?" ताई सांगायची की धान्याच्या गोदामांबद्दल एकाने फार छान प्रश्न विचारला. "मग?" "मग माझा टर्न संपला." आई कपाळावर हात मारून घ्यायची. "तुझं म्हणजे लग्नाला जायचं आणि पानं मांडली की उठून यायचं."

आई आणि ती, दोघीच होत्या. धक्क्याजवळच्या वस्तीत, दोन खोल्यांत. बाबा सरकारी लाँच चालवायचे. या काठावरून माणसं घ्यायची, रुंद नदीच्या पलीकडे गिरणीपाशी उतरवायची, परत यायचं. दिवसभर तेच. ताई शाळेत असताना एका सकाळी लाँचचं इंजिन भर प्रवाहात बंद पडलं. पाण्याने लाँचला फिरवलं आणि पुलाच्या खांबावर नेऊन आपटलं. काही माणसं पोहून आली. बरीच आली नाहीत. बाबा सापडलेच नाहीत.

चौकशी समिती नेमली गेली. समितीने अहवाल दिला. अहवाल सरकारात गेला आणि विहिरीत सुटलेल्या घागरीसारखा तळाला जाऊन बसला. पुढे सरकारं बदलली, तसा प्रत्येकाने तो मागच्याकडून वारशाने घेतला आणि न उघडता पुढच्याला दिला. पण लोकांना कुणीतरी दोषी लागतोच, आणि बुडालेला माणूस उलट उत्तर देत नाही. धक्क्यावर हळूहळू ठरून गेलं की चालकाचीच चूक. कुणी म्हणायचं डुलकी लागली असेल, कुणी म्हणायचं घाई केली. ताई शाळेतून येताना पारावरची माणसं बोलायची थांबत. ते थांबणंच तिला जास्त ऐकू यायचं.

आई मात्र एकच सांगायची. "त्याने साहेबांना सांगितलं होतं, इंजिन दम टाकतंय म्हणून. मला बोलला होता." नळावर, दुकानात, दारात आलेल्या कुणालाही ती हे ऐकवायची. लोक मान हलवायचे. नवऱ्याबद्दल बायको दुसरं काय सांगणार?

ताईलाही आधी ते खरं वाटायचं. पण बोलण्याचा माग काढायची सवय लागली की ती घरातही सुटत नाही. ताईच्या लक्षात यायला लागलं की आईच्या गोष्टीत कधी बाबांनी संध्याकाळी सांगितलेलं असतं, कधी सकाळी. कधी साहेबांना, कधी कारकुनाला. एकदा तर साहेब त्यावर हसलेही होते, जे आधी कधी हसले नव्हते. तिने मनातल्या मनात त्या गोष्टीभोवती कुंपण घातलं आणि बाहेर उभी राहिली. बाबांनी सांगितलं होतं, असं आईखेरीज दुसऱ्या कुणीतरी एकदा म्हणावं, एवढं एकच तिला हवं होतं. बाकी नोकरी होती, पेन्शन मिळणार होती, मैत्रिणी होत्या. हे एक नव्हतं.

मग निवडणूक आली. धक्क्याच्या भागातून उभ्या राहिलेल्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. मतं मागायला त्या दारोदार फिरल्या, तेव्हा आईने त्यांना उंबऱ्यातच अडवलं. "मत देते. पण माझी एक गोष्ट तिथे विचारायची."

"आई, असं सांगतात का कुणाला!" आतून ताई लाजून बोलली.

"का? तिला विचारायलाच पाठवतोय ना आपण? गप्पा मारायला माझी मी पुरेशी आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आईची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. निवडून आल्या, आणि दुसऱ्या अधिवेशनात छापील यादीत त्यांचा प्रश्न आला. आदल्या दिवशी दुपारी ती यादी प्रतिवेदकांच्या खोलीत पोचली, तेव्हा ताईने ती नेहमीप्रमाणे सहज चाळायला घेतली आणि सातव्या प्रश्नाशी तिचं बोट थांबलं. ‘नदीवरील शासकीय लाँच बुडाल्याप्रकरणी नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल शासनास प्राप्त झाला आहे, हे खरे आहे काय, असल्यास, तो सभागृहापुढे केव्हा ठेवण्यात येईल?’

बाबांचा उल्लेख त्यात नव्हता. पण ताईला ठाऊक होतं, छापलेला प्रश्न म्हणजे नुसतं दार. मंत्र्याने त्याचं ठरलेलं उत्तर वाचलं की सदस्याला पुरवणी प्रश्न विचारता येतो, आणि तो कुणी आधी पाहिलेला नसतो. खरं जे काही बाहेर पडतं ते तिथेच. मात्र त्यासाठी प्रश्नाचा नंबर लागावा लागतो. प्रश्नोत्तराचा तास संपला की उरलेल्यांची उत्तरं लेखी ठेवतात, आणि लेखी उत्तराला पुरवणी नसते. एरवी पाच-सहा प्रश्नांतच तास संपायचा.

सातवा आलाच तर तासाच्या शेवटच्या टर्नमध्ये येणार, आणि शेवटचा टर्न रेडिओचा होता.

"उद्या तुझा टर्न मला देशील? माझा पहिला तू घे," ती म्हणाली.

रेडिओने चष्म्यावरून पाहिलं. "इतक्या वर्षांत तू माझ्याकडे खोडरबरसुद्धा मागितलेलं नाहीस. काय आहे उद्या? कुणी देखणा मंत्री उत्तर देणार आहे का?"

"त्या मंत्र्याचं तोंड बघितलंयस?"

"रोज बघतो. म्हणूनच काळजी वाटली." त्याने तक्त्यावर दोघांची अदलाबदल लिहून टाकली. "घे. वर एक चहा पाज म्हणजे झालं."

तिने आपल्या नात्याबद्दल कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर प्रमुखांनी तिला त्या प्रश्नापासून दूरच ठेवलं असतं. तसा लिहिलेला नियम नव्हता, पण रीत होती.

दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी बसली तेव्हा पाचवा प्रश्न रेंगाळत होता. रस्त्यावरच्या खड्ड्यांचा. खड्ड्यांवर प्रत्येकालाच बोलायचं असतं. ताई लिहीत होती आणि मनात म्हणत होती, पुरे आता, बुजवा. सहाव्याचे सदस्य गैरहजर निघाले. अध्यक्षांनी त्यांचं नाव दोनदा पुकारलं आणि पुढे गेले. सातवा.

मंत्री नवे होते. त्यांनी उत्तर वाचलं: अहवाल प्राप्त झाला आहे, तांत्रिक बाबी तपासण्यात येत आहेत, योग्य वेळी निर्णय घेण्यात येईल. ताईने या खुणा इतक्या वेळा काढल्या होत्या की हात आपोआप चालला.

शिक्षिकाबाई उभ्या राहिल्या. "अध्यक्ष महोदय, तांत्रिक बाबी तपासणारे बहुतेक निवृत्त झाले असतील. मला एवढंच सांगा. लाँच सुटण्याआधी इंजिन नादुरुस्त असल्याचं चालकाने कळवलं होतं, की नव्हतं कळवलं? अहवालात काय आहे?"

मंत्र्यांनी बाजूच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथे खात्याचे अधिकारी मांडीवर फायली घेऊन बसतात आणि मंत्र्याला अडचण आली की चिठ्ठी पाठवतात. सचिवांनी बसल्या जागी हलकेच मान हलवली: नको. त्यांच्या मागची एक तरुण अधिकारी मात्र फाईल उघडून भराभर काहीतरी लिहीत होती. सचिवांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं. तिने लिहिणं थांबवलं नाही.

"माहिती घेऊन सांगतो," मंत्री म्हणाले.

"माहिती तिथेच बसली आहे," बाई म्हणाल्या. मागच्या बाकांवरून हशा आला.

"मंत्रिमहोदय, अहवाल आपल्याकडे आहे, तर उत्तर द्या," अध्यक्ष म्हणाले.

चिठ्ठी आली. मंत्र्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली. न सांगण्याची सवय त्यांना अजून लागली नव्हती. ते उभे राहिले.

ताईला लघुलिपी शिकवणारे मास्तर सांगायचे, "अर्थाच्या मागे गेलीस की हात मागे राहील. शब्दाला कानातून हातात जाऊ दे. मधे डोक्यात मुक्काम नको." नोकरीत इतकी वर्षं तिने ते पाळलं होतं. त्या क्षणी मात्र तिने मान वर केली. प्रतिवेदक कधी मान वर करत नाही. तिने मंत्र्यांचे ओठ हलताना पाहिले, त्यांच्या हातातला कागदाचा चतकोर पाहिला, आणि पहिल्याच शब्दावर बाकं वाजायला लागली. समोरच्या बाजूने आरडाओरडा, मंत्र्यांच्या बाजूने प्रत्युत्तर. मंत्री बोलतच होते. मग तास संपल्याची घंटा झाली.

ताईने खाली पाहिलं. ‘अहवालात काय आहे’, इथे तिची शेवटची खूण होती. पुढे पान कोरं होतं.

ती प्रमुखांच्या खोलीत गेली. प्रमुख म्हणजे कोरडा, नेमका माणूस. हसला तरी स्वल्पविराम दिल्यासारखा.

"साहेब, माझ्या टिपणात जागा कोरी राहिली आहे. लाँचच्या पुरवणीचं उत्तर."

"बाकं वाजत होती, मीही वर ऐकलं. कंसात ‘गोंधळ’ लिही आणि पुढे जा."

एवढं सोपं होतं. कंस काढायचा, एक शब्द लिहायचा, आणि मंत्री बोलले ते बोललेच नाहीत असं झालं असतं. इतिवृत्तात जे नाही ते सभागृहात घडलेलं नसतं. खात्याला तर हायसंच वाटलं असतं.

"नाही साहेब. गोंधळात का होईना, उत्तर झालं आहे. माझा हात थांबला होता."

"मग काय म्हणाले ते आठवून लिही. एखाद-दुसरं वाक्य असेल."

"ते मी लिहू शकत नाही."

"ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. पण साहेब, तो चालक म्हणजे माझे वडील." तिने खुर्चीची पाठ धरली. "जे ऐकायची इच्छा होती तेच मी ऐकलं. म्हणून माझा माझ्यावर विश्वास नाही."

प्रमुखांनी फोन जवळ ओढला. रागावलेही असतील. तसं ते बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "टेप काढायला सांगतो. पण तू ऐकायची नाहीस. तुझ्या कानाला आता बाजू आहे. रेडिओला बोलव."

ध्वनिमुद्रणाची खोली काचेची होती. आत एक यंत्र, एक खुर्ची आणि यंत्र चालवणारा माणूस. रेडिओ आत जाऊन बसला आणि त्याने हेडफोन चढवला. त्याला फक्त इतकंच सांगितलं होतं की उत्तर गोंधळात आहे, नीट ऐकून टिपायचं. ताई बाहेर उभी राहिली. खात्याचा शिपाई दोनदा येऊन गेला. "साहेब विचारतायत, उत्तराचा मसुदा दुरुस्तीला केव्हा मिळेल?"

"लिहून झाल्यावर," प्रमुख म्हणाले.

"म्हणजे केव्हा सांगू?"

"मी आत्ता सांगितलं ते सांग."

काचेतून आवाज येत नव्हता. टेप पुढे गेली, मागे आली. रेडिओने डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, बोटाने खूण केली: पुन्हा. ताईला वाटलं, आपण धक्क्यावर उभ्या आहोत आणि पलीकडून काहीतरी येतंय, पण ते लाँच आहे की नुसता पाण्यावरचा उजेड, हे अजून कळत नाही. लहानपणी ती अशीच उभी राहायची. सगळे गेले तरी उभी राहायची. शेवटी आई येऊन हाताला धरून न्यायची.

रेडिओने पेन्सिल उचलली.

त्याची वही तिला दिसत नव्हती, फक्त मनगट दिसत होतं. पण आयुष्यभर ती त्याच्या शेजारी बसून लिहीत आली होती. एखाद्या विणणारीला दुसरीच्या सुया बघून टाका कळावा, तसं त्याच्या मनगटावरून तिला अक्षर कळायचं. पहिली खूण आखूड, वरून खाली, क्षणात संपलेली. होय. मग लांब, वळणाची. चालकाने. त्यानंतर तिचे डोळे भरले आणि पुढचं दिसेना, तेव्हा तिने ते बाहीने पुसले आणि पुन्हा वाचायला लागली. ‘आदल्या संध्याकाळी तसे लेखी कळवले होते. दुसरी लाँच उपलब्ध नसल्याने तीच चालवण्याच्या सूचना त्याला देण्यात आल्या.’

रेडिओ बाहेर आला. वही प्रमुखांच्या हातात देताना त्याने ताईचा चेहरा पाहिला, प्रमुखांचा पाहिला, आणि त्याला काय ते उमगलं. तो तोंड उघडून काही बोलणार होता. मग नुसता तिच्यासाठी चहा आणायला गेला.

प्रमुखांनी उतारा स्वतः टेपशी ताडून पाहिला, खाली सही केली आणि शिपायाच्या हातात दिला. ताईला म्हणाले, "प्रश्नोत्तराच्या तासाला काही दिवस तू बसायचं नाहीस. ते मला करावंच लागेल."

"हो साहेब."

"आणि आज लवकर घरी जा. ते मला करावं लागेल असं नाही, पण जा."

ती घरी पोचली तेव्हा आई वाळलेले कपडे घड्या करून रचत होती. ताईने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. आईच्या हातातली चादर अर्धवट घडीत राहिली.

"लेखी?" आईने विचारलं.

"लेखी. आदल्या संध्याकाळी."

"लिहिल्याचं मला बोलला नाही." आई थोडं हसली. "लाजला असेल. त्याला सहीपुरतंच यायचं. चार ओळी लिहायच्या म्हणजे त्याला घाम फुटायचा, तिथे एवढं सगळं कुठून लिहिलं असेल!" मग तिने चादर खाली ठेवली. "तीच चालव म्हणाले?"

"हो."

"आणि चालवली त्याने."

बाहेर कुणीतरी बादली आपटली, नळ आला होता. आई उठली नाही.

"आज पटलं तुला," ती म्हणाली. "आजवर पटलं नव्हतं ना?"

इतक्या वर्षांत ताईने हजारो बगल देणारी उत्तरं टिपली होती. त्यांतलं एकही आईसमोर चालण्यासारखं नव्हतं.

"नव्हतं पटलं, आई. पूर्ण कधीच नव्हतं."

आई रागावेल, रडेल, निदान एखादा टोमणा तरी मारेल, असं तिला वाटलं. आईने चादर पुन्हा मांडीवर घेतली आणि टोकाला टोक जुळवत राहिली. "मलाही," ती म्हणाली. "अलीकडे मलाही वाटायचं, बोलला होता की मीच रचलंय? इतक्यांदा सांगितलं की त्याचा आवाजच उरला नाही त्यात. नुसता माझाच."

ताई तिच्याजवळ जाऊन बसली. दोघींनी मिळून चादरीची घडी केली, मग उशांचे अभ्रे केले. बाहेर नळावरच्या बायका भांडत होत्या.

"कशाने लिहिलं असेल गं?" आईने एकदम विचारलं. "आपल्याकडे तेव्हा पेन नव्हतं."

"ऑफिसात कुणाकडे मागितलं असेल."

"मागायचा नाही तो कुणाकडे. बिडीला काडीसुद्धा मागायचा नाही." आई विचार करत राहिली. "तुझ्या दप्तरातली पेन्सिल नेली असेल."

ताईने आठवायचा प्रयत्न केला. लाँच बुडाली त्या सकाळी शाळेत कंपासपेटी उघडली आणि पेन्सिल नाही, असं झालं होतं का? बाईंनी रागावलं होतं का? शेजारच्या मुलीकडे मागावी लागली होती का? तिने ती सगळी सकाळ, ते सगळे वर्ग, ती बाकं पुन्हा पुन्हा धुंडाळली. तसं काही आठवेना. तरीही ती धुंडाळत राहिली, कारण त्या संध्याकाळी बाबा दप्तरापाशी वाकले असतील, आणि ती घरातच कुठेतरी असेल, आणि तिने मान वर करून पाहिलं नसेल.